पाटी बदलली, मग अक्षर का पुसता?

बासरला सरस्वतीच्या देवळात नांदेड-धर्माबादकडची मराठी घरंही पोरांना अक्षराभ्यासाला घेऊन येतात. आजोबांनी दगडी पाटीवर गिरवलं, नातू प्लास्टिकच्या पाटीवर गिरवतो, अक्षर तेच. पाटी बदलली म्हणून अक्षर मोडीत काढा, असं तिथं कुणी म्हणत नाही. व्हिडिओ गेमबद्दल मात्र सर्रास म्हटलं जातं.

उदाहरण शोधायला हैदराबादच्या पुढं जायला नको. २००९ साली तिथल्या गेमशास्त्र कंपनीनं ‘देसी अड्डा’ बनवला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होते. त्याच वर्षी त्याच शहरातल्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला. दोन्ही प्लेस्टेशन २ वरचे. ती डिस्क आज प्लेस्टेशन ५ मध्ये सरकवा, खेळ सुरू होणार नाही.

‘मग बिघडलं काय?’ असं विचारणाऱ्यांचे मुद्दे तीन.

पहिला : तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. हे अर्धसत्य आहे. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ च्या पोटात जुन्या यंत्राची चिपच बसवलेली होती आणि जुने खेळ त्यावर चालत. पुढच्या मॉडेलांतून ती काढली, ती खर्च वाचवायला. शिवाय जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग वठवणारे इम्युलेटर हौशी मंडळी संगणकावर केव्हापासून चालवतात. हौसेला जमतं ते भांडवलाला जमू नये?

दुसरा : मागणी असेल तर बाजार आणेलच. बाजारानं काय आणलं ते मोजून झालं आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विक्रीतच नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवलं. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये सत्तरहून अधिक जुने खेळ नव्या एक्सबॉक्सवर आणले आणि तिथंच हात टेकले. दिलेल्या कारणांत परवाने आणि कायदा आधी, तंत्र शेवटी. गिऱ्हाईक नाही, हे कारण नव्हतंच.

तिसरा : इम्युलेटर फुकट आहे की! आहे, पण तो यंत्र देतो, खेळ नव्हे. खेळाची प्रत कुणीतरी कुठून तरी उचललेली असते. चोरीच्या प्रतींवर वाचनालय उभं राहत नाही.

मग करायचं काय? वाट आपल्याकडं मळलेली आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते. तसाच प्रत्येक खेळ, मूळ सोर्स कोडसकट, सरकारी संग्रहात जमा व्हावा. दहा वर्षं विक्रीत नसलेला खेळ नव्या यंत्रावर चालवून दाखवायची मुभा त्या संग्रहाला असावी. मालकाला तो पुन्हा विकायचा असेल तर खुशाल विकावा. त्याचा हक्क कुणी काढून घेत नाही.

उशिराची किंमत आपण एकदा मोजली आहे. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज हाती नाही. ‘देसी अड्डा’चा कोड लिहिणारे हात अजून कामात असतील. कुठली ओळ कशासाठी लिहिली, हे त्यांना विचारता येतंय तोवर विचारून घ्यावं.