विणकाम आणि मनाचें समाधान

दिवेलागणीनंतर घरांतील एखादी वडील बाई दोन सुया व लोकरीचा गुंडा घेऊन बसते, तेव्हां इतर मंडळींस त्यांत विशेष असें कांहींच दिसत नाहीं. रिकाम्या वेळेचा हा एक उद्योग आहे, येत्या थंडींत कोणाला तरी एक स्वेटर मिळेल, एवढाच विचार करून आपण पुढें जातों. मीहि पुष्कळ वर्षें असाच पुढें जात असें. परंतु घरांतील एका प्रसंगानें माझें मत पालटलें. विणकामानें केवळ अंगास ऊब मिळते असें नसून दुखावलेल्या मनासहि आधार मिळतो, आणि म्हणून तें मुलींनींच नव्हे तर मुलांनींहि शिकावें, असें आज माझें ठाम मत आहे. तें विद्यार्थी-विद्यार्थिनींपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें मांडावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

तो प्रसंग असा. माझ्या थोरल्या बहिणीचें पहिलें मूल जन्मानंतर नवव्या दिवशीं देवाघरीं गेलें. बाळ येणार म्हणून तिनें चार महिने आधींपासून विणावयास घेतलें होतें. टोपडें झालें होतें, इवलेसे पायमोजे झाले होते, आणि फिकट पिवळ्या लोकरीचा स्वेटर सुयांवर अर्धा तयार होता. तो तसाच पिशवींत राहिला आणि पिशवी खुंटीवर राहिली. ती उतरविण्याचा धीर घरांत कोणासच होईना. भेटावयास येणारीं माणसें समजुतीचे चार शब्द बोलून जात. ताई ते ऐकून घेई आणि पुन्हां खिडकीबाहेर पाहत बसे. असे पांच महिने गेले. मग एके दिवशीं दुपारीं तिनें आपण होऊन पिशवी उतरविली, सुया ओढून काढल्या, आणि तो अर्धा स्वेटर एकेक ओळ करून उसवावयास आरंभ केला. तिला थांबवावें म्हणून मी पुढें होणार, तोंच स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या आईनें मला हातानेंच खुणावून मागें बोलाविलें.

उसवलेल्या लोकरीस जुन्या टाक्यांचे वळसे राहिलेले असतात. ती तशीच विणली तर वीण सारखी येत नाहीं. म्हणून ताईनें तिच्या लडी केल्या, त्या कोमट पाण्यांत धुतल्या, आणि खालीं हलकेंसें वजन बांधून सावलींत वाळत घातल्या. वाळेपर्यंत वळसे मोडून लोकर सरळ झाली. तिचा गुंडा करून ताईनें पुन्हां टाके घातले. आमच्या आळींतील एक गरीब बाई त्याच सुमारास बाळंत झाली होती. पंधरा दिवसांनीं तिच्या मुलीच्या अंगांत तो पिवळा स्वेटर मीं पाहिला. "ताई, तुला हें करवलें तरी कसें?" असें मीं भीत भीत विचारलें. ती म्हणाली, "अरे, तो स्वेटर राहिला, पण लोकर कांहीं वाया गेली नव्हती."

ह्या एका वाक्यांत विणकामाचें सारें मर्म आलें आहे, असें मला वाटतें. कापड एकदां कातरलें कीं कातरलें. मडकें एकदां फुटलें कीं फुटलें. विणलेल्या वस्तूचें तसें नाहीं. ती एकाच लांब धाग्याच्या एकमेकांत गुंतविलेल्या फाशांची बनलेली असते. त्यामुळें ती चुकली, बिघडली किंवा अपुरी राहिली, तरी धागा शाबूत असतो. तो उलगडून घेतां येतो आणि त्याचेंच पुन्हां कांहीं तरी घडवितां येतें. दुःखी मनुष्यास "विसरून जा" असें सांगणारे पुष्कळ भेटतात. ताई कांहींच विसरली नाहीं. जें प्रेम तिनें एका बाळासाठीं सांठविलें होतें, तेंच तिनें उलगडलें, धुतलें, आणि दुसऱ्या बाळाच्या अंगावर घातलें. तिचें दुःख संपलें असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या दिवसापासून तिच्या हातांस काम मिळालें आणि तिच्या मनास वाट मिळाली, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

विणकामाची रीतिच मनास स्थिर करणारी आहे. मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकीचे नमुने बहुतेक ह्या दोहोंतूनच निघतात. एक टाका झाल्यावांचून दुसरा घेतां येत नाहीं, आणि कितीहि घाई केली तरी ओळ मध्येंच संपत नाहीं. चिंतेनें ग्रासलेलें मन उद्यांच्या संकटाकडे धांवत असतें. सुई त्यास पुन्हां पुन्हां हातांतील टाक्यावर आणून बसविते. टाके मोजणाऱ्या बोटांत आणि जपमाळेचे मणी ओढणाऱ्या बोटांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. आपल्या महाराष्ट्रास हा विचार नवा आहे असेंहि नाहीं. गोरोबा कुंभार चिखल तुडवितांना, सावता माळी मळ्यांत खपतांना, जनाबाई दळण दळतांना परमेश्वराचें स्मरण करीत, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. महात्मा गांधींनीं सूतकताईस यज्ञ मानलें, आणि येरवड्याच्या तुरुंगांतहि आपला चरखा चालूं ठेवला. हातांचें साधें, एकसुरी, उपयोगी काम हें भक्तीच्या आड येत नाहीं, तें तिला बसावयास आसन देतें, हीच ह्या सर्वांची शिकवण होय.

जर्मनींतील हँबुर्ग येथील चित्रसंग्रहालयांत मास्टर बर्ट्राम ह्या चित्रकाराच्या नांवानें ओळखलें जाणारें, इ. स. १४०० च्या सुमाराचें एक वेदीचित्र आहे. त्याच्या एका भागांत पवित्र मरिया चार सुयांवर एक लहान वस्त्र गोलाकार विणीत बसली आहे. असें वस्त्र बिनशिवणीचें होतें. येशूच्या वधस्तंभापाशीं शिपायांनीं ज्याच्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या त्या बिनशिवणीच्या अंगरख्याची आठवण पाहणाऱ्यास सहज होते. बाळ येशू जवळच गवतावर पुस्तक घेऊन पहुडला आहे, आणि तेथें आलेल्या देवदूतांच्या हातांत क्रूस व भाला आहेत. पुढील दुःख दाराशीं येऊन उभें आहे आणि माता विणीत आहे! चित्रकाराच्या मनांत काय होतें तें कोण सांगेल? परंतु हें चित्र आठवलें म्हणजे मला माझी ताई आठवते, आणि दुःखाच्या सान्निध्यांतहि कोणासाठीं तरी विणीत राहणें हीसुद्धां एक प्रार्थनाच आहे, असें वाटतें.

ही भावना जुन्या काळापुरतीच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत १९९८ सालीं दोन स्त्रियांनीं प्रार्थनेच्या शालींचा उपक्रम सुरू केला. ज्याच्यासाठीं शाल विणावयाची त्याच्याकरितां प्रार्थना करीत ती विणावयाची, आणि आजारी, एकाकी किंवा शोकाकुल मनुष्याच्या खांद्यांवर ती घालावयाची, अशी ही साधी रीति. ती पुढें अनेक देशांतील मंडळ्यांत पसरली. विद्वानांनींहि ह्या विषयाकडे लक्ष दिलें आहे. २०१३ सालीं ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकांत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळां विणतात ते आपणांस अधिक शांत व आनंदी वाटतें असें सांगतात, असें तींत आढळून आलें. मात्र येथें सावधपणें बोललें पाहिजे. हीं उत्तरें विणण्याची आवड असलेल्यांनींच दिलेलीं आहेत. त्यावरून विणकाम म्हणजे सर्व रोगांवरील औषध असें ठरत नाहीं. ज्याचें मन फार खचलें आहे त्यानें डॉक्टरांकडे अवश्य गेलें पाहिजे. सुया ह्या औषधाच्या जागीं ठेवावयाच्या नसून औषधाच्या शेजारीं ठेवावयाच्या आहेत.

कोणी म्हणेल, यंत्रावर विणलेला स्वेटर बाजारांत स्वस्त मिळतो, मग हा खटाटोप कशाला? मोजे विणण्याचें यंत्र इंग्लंडमध्यें विल्यम ली ह्यानें १५८९ सालीं काढलें. त्यास चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हातांनीं विणणें थांबलेलें नाहीं, ह्याचें कारण काय? यंत्र वस्त्र देतें. परंतु विणतांना ज्याची आठवण काढली त्याच्याविषयींची माया यंत्रास देतां येत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, हें बायकांचें काम. युरोपांत एके काळीं विणणाऱ्या कारागिरांचे संघ असत आणि त्यांत पुरुष काम करीत. दक्षिण अमेरिकेंत पेरू देशांतील टिटिकाका सरोवरांत टाकिले नांवाचें बेट आहे. तेथें टोप्या विणणें हें पुरुषांचेंच काम समजतात आणि मुलें तें लहानपणींच शिकतात. तेथील वस्त्रकलेचा गौरव युनेस्कोनें २००५ सालीं केला. तेव्हां सुयांना स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाहीं. तो आपण निर्माण केलेला आहे.

विद्यार्थ्यांनो, आतां थोडें तुमच्याविषयीं. दरवर्षीं परीक्षेचा निकाल लागतो आणि कांहीं मुलांचीं तोंडें उतरतात. एक वर्ष फुकट गेलें म्हणजे सारें आयुष्यच फुकट गेलें, असें त्यांस वाटूं लागतें. ज्यानें एकदां तरी वीस ओळी विणून, खालच्या तिसऱ्या ओळींत सुटलेला टाका पाहून, सर्व उसवून पुन्हां आरंभ केला आहे, त्यास असें सहसा वाटणार नाहीं. धागा कोठें गेला नाहीं, हें त्याच्या बोटांस ठाऊक झालेलें असतें. ही गोष्ट उपदेशानें शिकवितां येत नाहीं. ती बोटांनींच शिकावी लागते. मी स्वतः मोठेपणीं ताईपाशीं विणावयास शिकलों. माझा पहिला मफलर सात वेळां उसवावा लागला, आणि प्रत्येक वेळीं ताई हंसून एवढेंच म्हणे, "काढ, पुन्हां घाल."

पालकांसहि एक विनंति आहे. मुलांच्या हातीं मोबाइल सहज येतो. तशाच सहजतेनें दोन सुया आणि एक गुंडाहि येऊं द्या. पहिलें विणकाम वांकडें होईल, त्यास हंसूं नका. तें पुरें झालें कीं कोणास द्यावयाचें हें मात्र मुलासच ठरवूं द्या. घरांत आजी असेल तर तिच्यापाशीं त्यास बसवा. आपल्या मुलांच्या आयुष्यांत दुःख येऊंच नये, ही आपली इच्छा परमेश्वर पुरी करील कीं नाहीं तें आपणांस ठाऊक नाहीं. परंतु तें येईल तेव्हां हातांतील धागा न टाकतां तो उलगडून घ्यावा, स्वच्छ करावा, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी उबेसाठीं पुन्हां टाके घालावे, एवढें शिक्षण त्यांस देणें आपल्या हातीं आहे.