रिकामी चढाई

‘प्रेशर हँडल करता आलं पाहिजे’ हे वाक्य आपल्याकडे दोन ठिकाणी फार ऐकू येतं. एक अप्रेझलच्या मीटिंगमध्ये आणि दुसरं कबड्डीच्या कॉमेंट्रीत. दोन्हीकडे बोलणारा माणूस स्वतः प्रेशरमध्ये नसतो, हा त्यातला समान धागा. :)

तर मंडळी, या शनिवारी कबड्डी. म्हणजे सगळी कबड्डी नाही, फक्त एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा मध्यरेषा ओलांडून एकटा सात जणांत जातो तेव्हाची. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल त्यांना चहा ठेवायला मोकळं होता येईल. असा पोरगा दबावात टिकला की आपण त्याच्या काळजाचं कौतुक करतो. मला वाटतं, निम्म्याहून जास्त कौतुक त्याला रिकाम्या हाताने परत येऊ देणाऱ्या संघाचं व्हायला हवं.

हा विचार डोक्यात आला तो खरं तर अमेरिकन फुटबॉलमुळे. क्लायंट तिकडचा, त्यामुळे सोमवारच्या कॉलची पहिली पाच मिनिटं रविवारच्या मॅचवर जातात, आणि नुसतं हो हो करण्यापेक्षा मी बघायला लागलो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो त्याने पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. त्याच्या पुढे साधारण पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. त्या भिंतीच्या आतली जी जागा, तिला म्हणतात पॉकेट. ही जागा अडीच-तीन सेकंद टिकते, मग कोसळते. तेवढ्यात लांबवर कोण मोकळा आहे ते बघायचं, आणि अंगावर येणाऱ्यांकडे बघायचं नाही. नवख्याचं नेमकं इथेच बिनसतं. नजर लांबवरून जवळ येते. त्याला समोरचं मैदान दिसेनासं होतं आणि फक्त येणारे हात दिसतात.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सचा सॅम डार्नल्ड, वय २२, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध खेळत होता. त्या दिवशी त्याच्या अंगावर मायक्रोफोन होता. बाकावर बसून तो म्हणाला, मला भुतं दिसताहेत. हे वाक्य टीव्हीवर गेलं आणि मग बिचाऱ्याची वर्षानुवर्षं टिंगल झाली. जेट्स ३३-० हरले, त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. मला मात्र ते वाक्य फार प्रामाणिक वाटतं. नसलेले हातही दिसायला लागतात, हेच तर दबावाचं लक्षण! हाच डार्नल्ड २०२४च्या मोसमात मिनेसोटा व्हायकिंग्जकडून, म्हणजे त्याच्या चौथ्या संघातून, १४ सामने जिंकला. भुतं गेली म्हणावं, तर त्याच मोसमाच्या बाद फेरीत रॅम्सनी त्याला ९ वेळा चेंडूसकट लोळवलं आणि व्हायकिंग्ज २७-९ हरले. माणूस तोच, पुढची भिंत कोसळलेली.

आता आपल्या मैदानात येऊ. कबड्डीत चढाई करणाऱ्याला भिंतच नसते. सोबतीला फक्त दम आणि ३० सेकंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा. (काय सुंदर शब्द आहे! ‘निदान’ इथपर्यंत तरी जाऊन ये.) तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनससाठी पाय टाकतो तेव्हा हा पोरगा घरापासून पावणेपाच मीटर लांब असतो आणि परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसं असतात.

बचाव करणारे काय करतात ते एकदा नीट बघा. कोपऱ्यातला गडी मुद्दाम पाय पुढे टाकतो. घे, टिप मला! हे आमंत्रण असतं. नवख्याची नजर त्या पायावर खिळते, कारण त्याला तिथे गुण दिसतो. खरा धोका मात्र त्या पायात नसतो. तो असतो आतल्या बाजूला हात धरून उभ्या असलेल्या दोघांच्या साखळीत. हा पायाकडे झेपावला की ती साखळी दरवाज्यासारखी फिरते आणि त्याच्या व मध्यरेषेच्या मध्ये येऊन उभी राहते. झालं. मुरलेला चढाईपटू त्या पायाकडे बघतो असं दाखवतो आणि बघत असतो साखळीतल्या आतल्या माणसाची टाच. टाच उचलली म्हणजे तो निघायच्या बेतात आहे. क्वार्टरबॅकचं आणि याचं काम मला इथे एकच वाटतं: जे जवळ आणि मोठं दिसतंय ते सोडून लांबचं बारीक बघायचं.

हे शिकायचं कसं? बघून-बघून. आणि बघायला वेळ मिळतो रिकाम्या चढाईत. म्हणजे आत जायचं, निदानरेषा ओलांडायची, दोन्ही कोपरे हलवून बघायचे आणि काही न घेता परत यायचं. स्कोअरबोर्डवर शून्य. पण डाव्या कोपऱ्यातला लवकर निघतो, उजवीकडचा मघाच्या पकडीनंतर लंगडतोय, साखळीतला आतला माणूस हुकूम देतोय, हे सगळं घेऊन तो आलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचून आलाय, अजून कोडला हात लावलेला नाही.

प्रो कबड्डीत संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. ही ती ‘करो या मरो’. टीव्हीसाठी नियम झकास आहे, वेग येतो, मी तक्रार करत नाही. पण नीट बघितलं तर त्याचा दुसरा अर्थ असा की दोन चढाया रिकाम्या घालवायची मुभा नियमानेच दिलेली आहे. ती संघाची शिल्लक. प्रेक्षक मात्र पहिल्याच रिकाम्या चढाईला ‘हूऽऽ’ करतात.

आणि तिसऱ्या चढाईला पाठवतात कोणाला? इथे मला खरा राग येतो. बऱ्याचदा मुख्य चढाईपटूला नाही. तो बाद झाला तर महागात पडेल म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या गड्याला, अनेकदा संघातल्या सगळ्यात धाकट्याला. बचाव करणाऱ्यांना ठाऊक असतं की याला आत यावंच लागणार आहे, त्यामुळे ते पुढे येतच नाहीत, नुसते वाट बघतात. समोर सहा-सात जण असतील तर निदान बोनसने सुटका आहे. पाच किंवा कमी असले की तोही मार्ग बंद. हिशेबाच्या दृष्टीने प्रशिक्षकाचं बरोबर असेलही. पण मोसम संपल्यावर त्याच पोराचा चढाईतल्या यशाचा टक्का काढायचा आणि ‘दबावात कच्चा आहे’ असा शेरा मारायचा, याला काय म्हणावं? शुक्रवारी संध्याकाळचा रिलीज नेहमी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीच्या नावावर लागतो आणि मग जूनमध्ये तिच्या फॉर्मवर ‘नीड्स टू बी काम अंडर प्रेशर’ येतं, ते बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बरं, कसलेल्यांनाही तिसरी चढाई सोपी नसते. हांगझोच्या आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी आठवा, ७ ऑक्टोबर २०२३. भारत-इराण २८-२८, शेवटची मिनिटं, पवन सेहरावतची करो या मरो चढाई. कोणाला न टिपता तो राखीव पट्ट्यात गेला, मागोमाग इराणचे गडी. कोण बाद, किती गुण, जुना नियम की नवा? पंचांचंच ठरेना. तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या भारतीय संघात आपले दोन पोरगे होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे.

एकट्याच्या जोरावर काय होतं आणि काय होत नाही, याचं उदाहरण म्हणजे सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा. २०१८ला यू मुंबाकडून पहिल्याच मोसमात चढाईचे २१८ गुण. २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. पहिल्या मोसमात चमकलेले पुष्कळ जण दुसऱ्यात गडप होतात. किमतीचं ओझं असतं, सगळ्यांनी व्हिडिओ बघून ठेवलेले असतात. याने त्या मोसमात केले २१७. फक्त एक कमी! यापेक्षा दबाव पेलणं म्हणजे वेगळं काय असतं? तरीही टायटन्स तक्त्यात तळाच्या बाजूलाच राहिले. त्याच्या पुढच्या मोसमात दुखापतीने तो लवकरच बाहेर बसला. दुखापत कशामुळे होते हे मी कॉम्प्युटरपुढे बसून सांगणार नाही. पण प्रत्येक वेळी ‘जा, तूच आण’ म्हणून पाठवलेल्या खांद्याला मोसमभरात किती माणसं लोंबकळतात, ते मोजता येतं.

याच्या उलट पुणेरी पलटण. १ मार्च २०२४, हैदराबाद, दहाव्या मोसमाची अंतिम फेरी, पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ हरवलं. कर्णधार अस्लम, नगर जिल्ह्यातला पोरगा. त्या मोसमात चढाईच्या गुणांत तो पहिला नव्हता. तरी सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. अंतिम सामन्यात सगळ्यात मोठी चढाई त्याची नव्हतीच. पंकज मोहितेने एका चढाईत ४ गुण आणले. मोहित गोयत होता, आकाश शिंदे होता. मागे शादलूसारखा इराणी गडी पकडी करत होता, म्हणजे चढाई वाया गेली तरी पुढच्या मिनिटाला हिशेब सरळ व्हायची खात्री. एक जण रिकामा आला तर दुसरा जायचा. कोणालाही ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं वाटू द्यायचं नाही, हे त्या संघाचं पॉकेट. भिंत नसलेल्या खेळात यांनी भिंत बांधली, ती फक्त मैदानावर दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग २०२४च्याच शेवटी, अकराव्या मोसमात, अस्लम जायबंदी झाल्यावर ही पलटण प्ले-ऑफलाही का गेली नाही? सगळं एका माणसावरच उभं होतं की! मुद्दा बिनतोड आहे आणि माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. अस्लम गेला तेव्हा पलटणचा गुण आणणारा गडी गेला त्यापेक्षा ‘आत्ता कोणी जायचं, कोणी थांबायचं’ हे ठरवणारा गेला. गुण आणणारा लिलावात मिळतो, दुसरा तयार व्हायला वेळ लागतो. २०२५च्या बाराव्या मोसमात पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुण. म्हणजे एखादी चढाई.

असो. टीव्हीवरची कबड्डी सोडा, आपल्या गावातली बघा. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या क्रीडा संकुलात शालेय स्पर्धा असल्या की मी शक्यतो जातो. (पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावा.) गंगापूर, पैठण, कन्नडकडची पोरं येतात. बरेच जण मातीवर शिकलेले, मॅटवर आल्यावर पाय कुठे पकडतो आणि कुठे घसरतो याचाच अंदाज घेत असतात. आणि रेषेबाहेरून त्यांचे सर, मामा, गाववाले, सगळे एकाच वेळी ओरडत असतात, ‘जा आत! जा! घे त्याला!’ पहिल्याच चढाईत. सामन्याचं दुसरं मिनिट चालू आहे, समोर सात जण ताजेतवाने उभे आहेत, आणि पोरगं त्या ओरड्यामुळे आत जातं. साखळी बंद होते. खाली दोघं, वर तिघं. बाहेर येऊन तो खाली मान घालून बसतो आणि पुढची पाच-सात मिनिटं त्याला बघायला काहीच मिळत नाही. सरांना कोणीतरी सांगायला पाहिजे की हा पोरगा घाबरलेला नव्हता, तुम्ही त्याचे डोळे काढून घेतलेत.

मागच्या हंगामात एक बाई दिसल्या, मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक. नाव विचारायचं राहून गेलं. त्यांची पोरगी आत जाऊन, दोन्ही कोपरे चाळवून, हात न लावता परत आली की त्या खुर्चीतून न उठता विचारायच्या, ‘काय दिसलं गं?’ आणि ती धापा टाकत सांगायची, ‘मॅडम, तीन नंबर झोपतोय.’ पुढच्या चढाईला दुसरीच मुलगी गेली आणि तीन नंबरला टिपून आली.