वीसपैकी चौदा उगवल्या, तर चौदाच लिहा!

बीएस्सी बॉटनी करून पुढं काय? कुहीत कुणालाही विचारा, उत्तरं ठरलेली आहेत. बीएड कर, तलाठी भरतीचा फॉर्म भर, नाहीतर एमपीएससीची पुस्तकं आण. ‘लॅब टेक्निशियन’ म्हटलं की आपल्याला फक्त रक्त तपासणारा माणूस आठवतो. पण झाडांच्याही लॅब असतात, आणि आपल्यापासून फार लांब नाहीत.

नागपुरात वर्धा रोडवर १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. एकीकडे बोंडअळ्या पाळून त्यांच्यावर बीटीचा परिणाम अजून होतो का, ते तपासतात. दुसरीकडे संत्र्याचा मिलिमीटरहून लहान शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली कापून त्याचं कलम करतात, म्हणजे रोगमुक्त रोप मिळतं. अशा प्रयोगांमागे शास्त्रज्ञाचं डोकं असतंच, पण रोजचे हात टेक्निशियनचे असतात.

काम काय असतं? मीडियाचा पीएच ५.८ वर आणायचा. बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करायच्या. कुंड्यांना पाणी द्यायचं, पानांचे नमुने घ्यायचे, प्रत्येक नळीवर लेबल लावायचं. आणि हो, भांडीही धुवायची! कंटाळवाणं वाटतंय? थोडं आहेच. पण धानाचे पऱ्हे टाकून, चिखलात वाकून रोवणी केलेल्या पोरापोरींना चिकाटी कुणी शिकवायची गरज नाही. पान पिवळं पडायला लागलं की त्यांना ते आधी दिसतं.

मग अडतं कुठं? इंग्रजीवर? मला वाटतं, जर्नलवर. सिनिअरचं जर्नल आणायचं, रात्रीतून उतरवायचं, रीडिंग येत नसेल तर उत्तरावरून उलटं बसवायचं. कॉलेजात हे खपतं. लॅबमध्ये याच सवयीचा घात होतो.

आपल्याच मिरचीचं बघा. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. या पिकावर चुरडा-मुरडा आला की पानं आकसतात. ते पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूमुळे असू शकतं, फुलकिड्यांमुळे असू शकतं, नाहीतर कोळ्यांमुळे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. आता नमुन्यांची दोन लेबलं अदलाबदल झाली, आणि टेक्निशियननं ‘जाऊ दे, कुणाला कळतंय’ म्हणून तसंच पुढं ढकललं तर? चुकीचा सल्ला जाईल, चुकीची फवारणी होईल. पैसे जातील ते वावरातल्या माणसाचे.

बारावीत मेंडेलचं ३:१ आपण सगळ्यांनीच पाठ केलं. पण त्यानं नोंदवलेले आकडे आहेत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे. भागाकार येतो २.९६. ‘३:१’च्या मागे असे हजारो दाणे मोजण्याचं काम आहे.

पैशाचंही सरळ बोलू. बऱ्याच जागा प्रोजेक्टवरच्या, कंत्राटी असतात. प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते. कायम जागांसाठी स्पर्धा मोठी आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची २०२१ च्या शेवटी टेक्निशियनच्या ६४१ पदांची जाहिरात निघाली, मूळ वेतन २१,७०० रुपये. पात्रता दहावी पास, म्हणजे रांगेत पदवीधरही आणि दहावीवालेही. तेव्हा डोळे उघडे ठेवून जा. करार किती महिन्यांचा, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळणार का, कोणती तंत्रं शिकायला मिळतील, हे आधीच विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि कॉलेजांनाही एक सांगणं आहे. वर्षाअखेर वीस प्रॅक्टिकल कागदावर दाखवण्यापेक्षा आठच घ्या, पण प्रत्येकाच्या हातात पिपेट द्या. चुकलेल्या रीडिंगचे मार्क कापू नका, उतरवलेल्या रीडिंगचे कापा.

तुम्ही मात्र कॉलेजची वाट बघू नका. या आठवड्यात घरी वीस बिया ओल्या फडक्यात ठेवा आणि रोज वहीत तारीख टाकून नोंद करा. चौदा उगवल्या, तर चौदाच लिहा. बाकीच्या सहा का नाही उगवल्या, हा प्रश्न पडला की समजा, बॉटनी सुरू झाली.