रिकॉल ही कंपनीची मेहेरबानी नव्हे

१/
मोटारसायकलचा सुरक्षा-रिकॉल निघाला की ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत त्याचे वर्णन बहुधा एकाच शब्दात होते: ‘फुकट’. कंपनी फुकटात पार्ट बदलून देते आहे, वेळ मिळाला तर गाडी शोरूमला दाखवून यावी. या एका शब्दाने साठ वर्षांचा इतिहास झाकला जातो. रिकॉलची दुरुस्ती हा हक्क आहे, आणि भारतात तो अजून अपुरा आहे.

२/
प्रथम एक भेद स्पष्ट हवा. एका गाडीत बिघाड झाला तर तो वॉरंटीचा विषय. तो विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील करार असतो. मात्र एकाच सदोष रचनेमुळे वा सुट्या भागामुळे हजारो गाड्या जिवाला धोका ठरतात, तेव्हा प्रश्न एका ग्राहकाचा राहत नाही. मागे बसलेली व्यक्ती आणि रस्ता ओलांडणारा पादचारी यांनी कोणताही करार केलेला नसतो. रिकॉल त्यांच्यासाठीही असतो.

३/
‘फुकट’ ही मानसिकता परमिट राजची देणगी आहे. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. गाडी मिळणे हेच भाग्य, तर तिच्यातील दोषाबद्दल जाब कोण विचारणार? त्या बाजारात ग्राहक हा ग्राहक नव्हता, अर्जदार होता.

४/
डोंबिवलीलगत कल्याण-शीळ मार्गावर प्रीमियरचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तेथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीसोबत ‘३०९’ ही मोटार तयार होऊ लागली आणि काही वर्षांतच तो प्रकल्प बंद पडला. रस्त्यावर आलेल्या गाडीत पुढे जीवघेणा दोष आढळला तर ती परत मागवण्याची सक्ती कोणी करावी? १९८८च्या मूळ मोटार वाहन कायद्यात या प्रश्नाला उत्तर नव्हते.

५/
अमेरिकेत हा प्रश्न आधी विचारला गेला. १९६५मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले आणि १९६६मध्ये वाहन सुरक्षा कायदा आला. तरीही त्या कायद्याने कंपनीवर दोष कळवण्याचेच बंधन घातले होते. विनामूल्य दुरुस्तीची सक्ती १९७४च्या दुरुस्तीने आली. आज ज्याला ‘फुकट’ म्हटले जाते, ते तेथेही कायद्याने मिळवावे लागले.

६/
जपानमध्ये रिकॉलची व्यवस्था १९६९ची. तरी २०००मध्ये मित्सुबिशी मोटर्सला कबूल करावे लागले की ग्राहकांच्या तक्रारी दोन दशकांहून अधिक काळ सरकारपासून दडवल्या गेल्या आणि अनेक दोष गुपचूप दुरुस्त केले गेले. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीतील भाग काही न सांगता बदलून देणे हे सौजन्य वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे सर्व्हिसिंगला न आलेला मालक अंधारात राहतो.

७/
भारतात जुलै २०१२मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची संहिता स्वीकारली. ऐच्छिक म्हणजे निर्णय कंपनीचा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आता केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. अशा वेळी कंपनीने गाडीची पूर्ण किंमत परत करावी, अथवा गाडी बदलून द्यावी, अथवा दुरुस्त करून द्यावी, असे हे कलम सांगते. यात मेहेरबानीला जागा कोठे आहे?

८/
मे २०२१मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधील संभाव्य दोषामुळे भारतासह सात देशांतील २,३६,९६६ मोटारसायकली परत मागवल्या. कंपनीने स्वतःहून दोष जाहीर केला, हे योग्यच झाले. पण त्या वेळी महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागू होते. घोषणा आणि दुरुस्ती यांत अंतर असते, ते असे. बातमीत परत मागवलेल्या गाड्यांचा आकडा येतो. दुरुस्त झालेल्या गाड्यांचा येत नाही.

९/
मार्च २०२२मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरील स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे स्कूटरला लागलेल्या आगीनंतर एका बाप-लेकीचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत मागवल्या. कायदा वर्षभर आधीपासून अस्तित्वात होता. तरी गाड्या परत मागवल्या गेल्या त्या आगी लागल्यानंतर.

१०/
उत्पादकांचा युक्तिवाद असा की, दंडाचा धाक वाढवला तर कंपन्या दोष लपवतील. तो अगदीच पोकळ नाही. म्हणूनच स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू करणाऱ्या कंपनीला ११०-अ दंडातून सूट देते. पण धाक आणि तपासणी दोन्ही ढिली असली की काय होते, ते मित्सुबिशीने दाखवले आहे.

११/
दुसरा युक्तिवाद: मालकच गाडी घेऊन येत नाहीत. पण सूचना पोहोचते कोणाला? कंपनीकडे बहुधा पहिल्या खरेदीदाराचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक असतो. कल्याण-डोंबिवलीत भाड्याची घरे बदलतात, दुचाकी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते. ‘एमएच ०५’ ही पाटी तीच राहते, मालक बदलतो. ज्याला निरोपच मिळाला नाही, त्याला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे.

१२/
आणखी एक विसंगती. रिकॉलचा नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहे; दुचाकीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मर्यादाच पंधरा वर्षे आहे. भारतात आठव्या वर्षीची दुचाकी बहुधा कोण चालवतो? ज्याला नवी परवडत नाही, तो. म्हणजे ज्याला हक्काची गरज सर्वाधिक, त्याच्यासाठी तो आधी संपतो.

१३/
२०२२मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. यांतील बहुतेक मृत्यूंचे कारण यांत्रिक दोष हे नव्हते, हे मान्य. पण दुचाकीस्वाराभोवती ना पत्रा असतो, ना एअरबॅग. चारचाकीत गैरसोय ठरणारा दोष दुचाकीवर जीव घेऊ शकतो.

१४/
उपाय अवघड नाहीत. ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत सध्याच्या मालकाची नोंद आहे. रिकॉलची सूचना त्या नोंदीवरून जावी. पीयूसी काढताना आणि आरटीओत मालकी हस्तांतरित करताना प्रलंबित रिकॉल दाखवला जावा. दुरुस्त झालेल्या गाड्यांचा आकडा दर तिमाहीला जाहीर व्हावा. सातची मर्यादा पंधरा व्हावी. जर्मनीत तर अनिवार्य रिकॉलची दुरुस्ती टाळलेले वाहन रस्त्यावर आणण्यास मनाई करता येते.

१५/
तोवर प्रत्येक दुचाकीस्वाराने, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्याने, आरसीवरील चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. गाडी अधिकृत डीलरकडे नेल्यावर जॉब कार्डवर ‘रिकॉल’ हा शब्द आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे, प्रत जपून ठेवावी. पैसे मागितले वा टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. आणि काउंटरवर कोणी ‘फुकट’ म्हणालेच, तर कलम ११०-अ शांतपणे सांगावे.