वीज थांबली तर मजुरी का थांबावी?

जरीपटक्याच्या उत्तरेला कोराडीचे वीज केंद्र उभे आहे. तरीही 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत उत्तर नागपूरने दिव्याखालचा अंधार भोगला. त्या कपातीबद्दल वस्तीतल्या घराला बिलात सूट मिळाली नाही. उच्चदाब उद्योगांसाठी मात्र राज्य वीज नियामक आयोगाने दोन दर ठेवले होते. अखंड वीज घेणाऱ्याला जास्त आणि कपात सोसणाऱ्याला कमी. 2016 च्या आदेशाने हा भेद संपला. पण कपात स्वीकारा आणि सवलत घ्या, हा व्यवहार जगभर चालतो. तो पुन्हा कोणत्याही रूपाने येऊ शकतो.

या व्यवहारालाच आमचा विरोध नाही. टंचाईच्या वेळी कारखाना थांबला तर रुग्णालय आणि घर उजेडात राहते. मालकाने आपले गणित जरूर करावे. पिठाच्या गिरणीला दोन तास थांबता येते. ओतकामाच्या भट्टीत वितळलेले लोखंड गोठले, तर वर्षाची सवलत एका दिवसात बुडते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. वीज गेली म्हणून फाटकावरून परत पाठवलेल्या मजुराच्या रोजीचे काय? ती कोणत्या गणितात धरली आहे? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने विजेच्या टंचाईमुळे काम न देणे ‘ले-ऑफ’ मानले आणि निम्म्या वेतनाची भरपाई ठरवली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच प्रमाण आहे. पण 50 पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला ही तरतूद लागू नाही आणि नैमित्तिक कामगारही तिच्याबाहेर आहे. आमची माणसे बहुतेक तेथेच राबतात! म्हणजे सवलत मालकाला आणि उपवास मजुराला. याला बचत कसे म्हणावे?

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे श्रम आणि वीज ही दोन्ही खाती होती. स्वस्त व मुबलक वीज त्यांना हवी होती ती उद्योग वाढून गरिबी हटावी म्हणून. वीज आणि मजूर यांचा हिशेब त्यांनी वेगळा मांडला नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कपातीच्या बदल्यात सवलत द्यायची असेल, तर थांबलेल्या तासांची पूर्ण मजुरी देण्याची अट तीत असावी. कंत्राटी कामगारालाही ती मिळावी. वीजदरावर आयोग जाहीर सुनावणी घेतो. तेथे उद्योजक आपली बाजू तयारीने मांडतात. आमच्या संघटनांनीही आता तेथे जाऊन बोलले पाहिजे.