सर्जन पगारासाठी अडतो की भूलतज्ज्ञासाठी?

ग्रामीण रुग्णालयाची इमारत असते, ऑपरेशन थिएटर असते, टेबलही असते. नसतो तो सर्जन. मग अपेंडिक्सने तळमळणारा पोरगा असो की बैलाने शिंग मारलेला शेतकरी, त्याच्या हाती 'जिल्ह्याला न्या' अशी चिठ्ठी पडते. गाडीभाडे आणि खासगी दवाखान्याचे बिल भागवता भागवता घरातला दागिना गहाण पडतो.

हे दुखणे एका तालुक्याचे नाही. आपली ग्रामीण रुग्णालये ज्या पातळीवर मोडतात, त्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत मार्च २०२२ अखेर देशभरात गरजेच्या मानाने ८३.२ टक्के सर्जन कमी होते. ही केंद्र सरकारचीच आकडेवारी आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात ८० हजार लोकांमागे असे एक ३० खाटांचे रुग्णालय, असा निकष आहे. म्हणजे एक जागा रिकामी राहिली की लाखभर माणसे उघड्यावर पडतात.

डॉक्टरांना खेडे नको, त्यांना पैसा हवा, असे पारावर सर्रास बोलले जाते. सरकारचाही समज फार वेगळा नाही. म्हणूनच राष्ट्रीय आरोग्य अभियानात 'तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो' अशी मुभा राज्यांना मिळाली. तज्ज्ञाने पगाराची बोली लावायची आणि सरकारने ती मान्य करायची. सरकारी खाक्या पाहता हे पाऊल धाडसाचेच म्हणावे लागेल. पण घोडे पेंड खाते ते आकडा ठरल्यानंतर.

नोकरीची बोलणी करणारा सर्जन पगाराच्या आधी वेगळेच विचारतो. भूलतज्ज्ञ आहे का? रात्री रक्त मिळेल का? थिएटरची सरावलेली सिस्टर आहे का? कारण भूल देणारा नसेल तर सर्जनने करायचे काय? गळू फोडणे आणि जखमा शिवणे! तीन वर्षे घासून एम.एस. झालेल्या तरुणाचा हात अशाने वर्षभरात बसतो. आणि अपुऱ्या साधनांत धाडस करून पेशंट दगावला, तर नातेवाइकांचा जमाव त्याच्याच दारात येतो. दवाखान्यांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण जमाव चालून येतो तेव्हा कायद्याचा कागद आडवा येत नाही.

बाकीचे प्रश्न घरचे. क्वार्टर गळके असेल, मुलांना बरी शाळा नसेल, रात्रंदिवस, सातही दिवस एकट्यालाच बोलावणे येणार असेल आणि वर ऑर्डर कंत्राटी, म्हणजे पुढच्या वर्षाची खात्री नाही. मग तो आकडा फुगवून सांगतो. हा नुसता लोभ नव्हे. गैरसोयीची ती किंमत असते.

बाँडवर येणाऱ्यांचीही तीच कथा. पदव्युत्तर शिक्षणानंतर सरकारी सेवेचे एक वर्ष सक्तीचे आहे. पण वर्ष कसेबसे काढून निघून जाणाऱ्या डॉक्टरवर गावाचा विश्वास बसत नाही, आणि त्यालाही गावाची ओढ लागत नाही.

उपाय पगाराच्या आकड्यात कमी आणि नेमणुकीच्या पद्धतीत जास्त आहे. एका तालुक्याला सर्जन, दुसऱ्याला भूलतज्ज्ञ, अशी खिरापत वाटली तर दोघेही बसून पगार घेतात आणि पेशंट जिल्ह्याच्या वाटेला लागतो. त्यापेक्षा दोन तालुक्यांच्या मध्यावरचे एक रुग्णालय निवडावे. तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा एकत्र द्यावा. जमल्यास सर्जन दोन द्यावेत, म्हणजे एकाला रजा घेता येईल. नेमणूक निदान तीन वर्षांची असावी. काही गावांना थोडे लांब जावे लागेल हे खरे, पण तिथे पोचल्यावर ऑपरेशन तरी होईल.

क्वार्टरची दुरुस्ती, इन्व्हर्टर, रात्रीचा पहारेकरी ही कामे रुग्ण कल्याण समितीने मनावर घेतली तर मुंबईकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. आमदार-जिल्हा परिषद सदस्यांनी नव्या इमारतीचा नारळ फोडण्याआधी आहे त्या थिएटरात महिन्याला किती ऑपरेशने होतात, हे विचारावे. मतदारांनीही त्यांना तेच विचारावे.