वादातला पैसा राखताना

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाने बायजूज या शिक्षण-तंत्रज्ञान कंपनीबाबत एक अंतरिम आदेश दिला. हक्कभागांच्या विक्रीतून उभे राहणारे सुमारे २० कोटी डॉलर स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि गुंतवणूकदारांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते काढायचे नाहीत, असा तो आदेश होता. काही दिवसांतच संस्थापक बायजू रवींद्रन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले. पैसा उभा राहिला आहे, पण तो वेगळ्या खात्यात अडकल्यामुळे फेब्रुवारीचे पगार देता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वादातला पैसा सुरक्षित ठेवण्याची किंमत असते, आणि ती अनेकदा वादात नसलेल्यांनाही मोजावी लागते.

गुंतवणूकदारांची बाजू आधी समजून घ्यायला हवी. प्रोसस, पीक एक्सव्ही, जनरल अटलांटिक आणि सोफिना यांनी कंपनी कायद्याच्या कलम २४१ व २४२ खाली दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार केली होती. एके काळी २२ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचलेले कंपनीचे मूल्यांकन या विक्रीत त्याच्या जेमतेम एक टक्क्यावर आले होते. जो भागधारक नवे पैसे घालणार नाही, त्याचा हिस्सा जवळपास नाममात्र उरणार होता. खटला चालू असताना हा पैसा खर्च झाला असता, तर पुढे जिंकूनही त्यांच्या हाती कागदी निकालापलीकडे फारसे काही आले नसते. शिवाय त्याच सुमारास कंपनीच्या १.२ अब्ज डॉलरच्या परदेशी कर्जापैकी ५३.३ कोटी डॉलरचा माग अमेरिकेतील डेलावेअरच्या न्यायालयात काढला जात होता. कंपनीच्या व्यवस्थापनाने पैसा वळवल्याचा आरोप फेटाळला होता. मात्र मार्च २०२४ मध्ये तो गोठवण्याचा आदेश झाला, तेव्हा तो मूळ ठिकाणाहून कधीच हलला होता.

दुसरीकडे, कंपनीचा युक्तिवादही पोकळ नव्हता. हक्कभाग सर्व विद्यमान भागधारकांना देऊ केले होते. तक्रारदारांनाही पैसे घालून आपला हिस्सा टिकवता आला असता. रोकड संपत आलेल्या कंपनीला खेळते भांडवल मिळाले आणि ते लगेच कुलूपबंद झाले, तर कंपनी वाचवण्याचा उद्देशच मागे पडतो. आरोप सिद्ध झालेले नसताना अशी रक्कम अडकवणे म्हणजे सुनावणीपूर्वीच शिक्षा, ही भावना समजण्यासारखी आहे. आपल्याकडे अंतरिम आदेश अनेकदा अंतिम निकालाइतकेच टिकतात, हे लक्षात घेतले तर ती अधिकच रास्त वाटते.

मात्र याच बंगळुरू शहराने उलट अनुभवही घेतला आहे. विजय मल्ल्या यांच्याकडून किंगफिशर एअरलाइन्सची ९,००० कोटी रुपयांहून अधिक थकबाकी वसूल करण्यासाठी स्टेट बँकेसह अनेक बँका बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात गेल्या. डिआजिओने मल्ल्यांना द्यायच्या ७.५ कोटी डॉलरवर न्यायाधिकरणाने ७ मार्च २०१६ रोजी रोख लावला. तोपर्यंत त्यातले ४ कोटी डॉलर त्यांना मिळून मुलांकडे वळवले गेले होते आणि मल्ल्या देशाबाहेर गेले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचा मालमत्ता न हलवण्याचा आधीचा आदेशही त्याला आडवा आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. चार महिन्यांच्या कैदेची आणि २,००० रुपये दंडाची शिक्षा २०२२ मध्ये सुनावली. बैल गेला आणि झोपा केला, असेच बँकांना वाटले असेल.

कायदा मात्र सरसकट गोठवणुकीच्या बाजूने झुकलेला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३८, नियम ५ नुसार निकालापूर्वी जप्ती हवी असेल, तर समोरचा माणूस निकाल निष्फळ करण्यासाठी मालमत्ता हलवतो आहे, हे दाखवावे लागते. तारणाविना दिलेल्या कर्जाला मागच्या दाराने तारणी कर्ज बनवण्यासाठी ही तरतूद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रमण टेक खटल्यात बजावले. लवादाच्या प्रकरणांत हा निकष किती काटेकोर असावा, यावर सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाचे दोन वेगळ्या सुरांचे निकाल आले: एस्सार हाउस प्रकरणात लवचीक, तर त्याच महिन्यातील सांघी इंडस्ट्रीज प्रकरणात कडक. परदेशातही एकमत नाही. इंग्लंडमध्ये मरेवा खटल्यापासून, म्हणजे १९७५ पासून, असे आदेश रूढ आहेत. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये साध्या पैशाच्या दाव्यात निकालापूर्वी मालमत्ता गोठवण्याचा अधिकार पाच विरुद्ध चार मतांनी नाकारला. शहाण्या माणसांचे यावर मतभेद असणे स्वाभाविक आहे.

बायजूजच्याच पुढच्या प्रकरणात या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसली. क्रिकेट नियामक मंडळाच्या १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाल्यावर बायजू यांचे बंधू रिजू रवींद्रन यांनी समझोत्याचे पैसे भरले. हा पैसा त्यांच्या स्वतःच्या मिळकतीतला असल्याचे सांगण्यात आले. परदेशी कर्जदात्यांना मात्र त्याच्या उगमाबद्दल शंका होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितली आणि २३ ऑक्टोबरला समझोता मान्य करणारा अपील न्यायाधिकरणाचा आदेश रद्द करून ती धनकोंच्या समितीकडे एस्क्रोमध्ये सोपवली. येथे रोख एका ठरावीक रकमेवर होता.

सर्व बाजू पाहता आमचे मत संरक्षक आदेशांच्या बाजूने झुकते, कारण गेलेला पैसा परत आणणे हे अडकलेला पैसा सोडवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. तथापि या आदेशांना तीन अटी असाव्यात. पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कर यांसाठी न्यायालयाच्या देखरेखीखाली, हिशेब देण्याच्या अटीवर रक्कम काढण्याची मुभा असावी. इंग्लिश न्यायालये नेहमीचा व्यावसायिक खर्च मोकळा ठेवतात, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही. गोठवणूक मागणाऱ्याने, आपला दावा चुकीचा ठरल्यास नुकसान भरून देण्याची हमी द्यावी. संरक्षण हवे असेल तर जोखमीचा वाटाही उचलावा. आणि आदेशाला मुदत असावी, ती संपताच त्याचा नव्याने विचार व्हावा.

या अटींमुळे पैसा पळवू पाहणाऱ्यास थोडी फट मिळेल, हा आक्षेप खरा आहे. पण पगाराची रक्कम एकूण वादाच्या मानाने छोटी असते आणि ती थेट कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा करण्याची सक्ती करता येते. तेवढ्या मर्यादेत तो धोका पत्करावा. भागधारक आणि संचालक आपला झगडा वर्षानुवर्षे लढू शकतात. महिनाअखेरीस घरभाडे आणि मुलांची फी भरणाऱ्या कर्मचाऱ्याला तेवढी उसंत नसते. न्यायाधिकरणांनी यापुढे पैसा राखण्याचा प्रत्येक आदेश लिहिताना पगाराची तरतूद त्याच आदेशात नोंदवावी.